घट्ट केलेला भोपळा

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि उलटसुलट पीळ घालत जायचं, म्हणजे पाणी मधोमध गळतं. भोपळेंच्या घरी सुट्टीच्या दिवसाचं धुणं भोपळे आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून करायचे. वहिनींच्या कमरेला ओलं ओझं सोसत नसे, म्हणून या दोघांनी ते काम कधीतरी अंगावर घेतलं आणि मग अंगवळणी पडलं. त्या दिवशी मागच्या अंगणात निम्मे कपडे दोरीवर होते, निम्मे बादलीत, आणि मोठी चादर दोघांच्या हातात. भोपळेंनी पीळ दिला. समोरून ताण आलाच नाही. धाकट्याच्या मुठीतून टोक सुटलं आणि चादर फरशीवरच्या मातीत पडली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. धाकट्याने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. उसना आणलेला हात परत करण्याआधी तपासून घ्यावा, तसा तो स्वतःचा हात बघत होता.

"साबण लागला असेल," भोपळे म्हणाले.

"साबण कधीच गेलाय." मग तो म्हणाला, "दादा, माझा भोपळा कधी करतोस?"

भोपळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये पोलादाचा एक गोल, फुगीर, चारी बाजूंनी बंद डबा असतो. कागदोपत्री त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आसपासच्या सगळ्या गॅरेजांत त्याला भोपळा म्हणत, आणि तो लेथवर चढवून, वेल्डिंग कापून, उघडून दुरुस्त करणारा त्या भागात हा एकच माणूस. म्हणून तो भोपळे. शाळेत गणितात भोपळा मिळवला तेव्हा बापाने कान धरून दुकानात बसवलं, आणि तेव्हापासून देवाने भोपळेच फोडायला दिले, हा विनोद ते स्वतःच करायचे, दुसऱ्या कुणी करायच्या आत.

त्या डब्याच्या आत दोन पंखे समोरासमोर असतात, आणि सगळं लाल तेलाने भरलेलं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल ढवळलं जातं, त्या तेलाच्या रेट्याने दुसरा पंखा फिरतो आणि गाडी चालायला लागते. ओढ सगळी तेलाची. आतली पाती किती कलती ठेवली आणि दोन पंख्यांच्या मधला छोटा पंखा कुठला घातला, यावर ही तेलाची पकड लवकर बसते की उशिरा, हे ठरतं. लवकर बसली तर भोपळा घट्ट. उशिरा बसली, म्हणजे इंजिनाला आधी मोकळं फिरून घेऊ दिलं, तर भोपळा सैल. साऱ्या धंद्याचं मर्म एवढंच. घट्ट भोपळा रस्त्याचा, सैल भोपळा शर्यतीचा. दोन्ही एका डब्यात मागणाऱ्याला भोपळे म्हणायचे, एकाच बुटात दोन पाय घालून चालून दाखव.

धाकटा इंजिनाचा माणूस. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात त्याची इंजिनं, मागच्या अर्ध्यात दादाचा लेथ. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर गाडीकडे बोट दाखवायचा. गाडी म्हणजे चार दारांची, मातकट रंगाची, शेजारून गेली तरी कुणी मान वळवणार नाही अशी जुनी गाडी. पण तिच्या इंजिनाला त्याने टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर गरगरणारी चक्की. ती इंजिनातच जास्तीची हवा कोंबते आणि इंजिन पिसाळतं. धाकटा याच गाडीने रोज कामावर यायचा, आणि गावाबाहेरच्या विमानांच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यती असल्या की याच गाडीने तिथे जायचा. त्या धावपट्टीला सगळे नुसतं पट्टी म्हणत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या, आणि सरळ रेषेत कोण आधी पोचतं ते बघायचं. तिथे महागड्या, चकचकीत गाड्यांच्या शेजारी हे मातकट खोकं उभं राहिलं की लोक हसायचे. हिरव्यानंतर हसायचे नाहीत.

मग त्याचा डावा पाय जड झाला. आधी वाटलं शीर आखडली. तपासण्या झाल्या, मोठ्या दवाखान्यात जाऊन झालं, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी दोघा भावांना समोर बसवून हळू आवाजात सांगितलं, की हा नसांचा आजार आहे, यावर औषध नाही. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. कधी काय होईल हे त्या सांगू शकत नव्हत्या. देवाने प्रत्येकाचं माप घेऊन ठेवलेलं असतं, पण ते आधी सांगायची त्याची रीत नाही.

डाव्या पायाने क्लच दाबता येईना, तेव्हा भोपळेंनी भंगारातल्या एका गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून त्या गाडीत बसवला. त्याच्याबरोबर आलेला भोपळा साध्या घरगुती गाडीचा होता, घट्ट आणि कमकुवत. टर्बोचा पूर्ण जोर आला तर फुगून फाटेल असा. म्हणून धाकट्याने टर्बोचा दाब उतरवून ठेवला आणि गाडी गुमान रस्त्यावर चालवायला लागला. पट्टीवर तो गेलाच नव्हता तेव्हापासून. चादर पडली त्या दिवशी त्याने जे मागितलं ते हेच होतं: हात-पाय ऐकतायत तोवर पट्टीचा भोपळा.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तो गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसला. आपल्या खुर्चीवर नाही.

"विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारतोस ते."

भोपळेंची एक पद्धत होती. भोपळा करून मागायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, गाडी रोज कुठे नेतोस, पट्टीवर कितीदा नेतोस, इंजिनाची ताकद किती. आणि उत्तर काहीही येवो, त्यातला तिसरा हिस्सा मनातल्या मनात वजा करायचे. कारण गाडीवाला आपल्या इंजिनाबद्दल बोलतो तेव्हा बोटभर मासा हातभर करून सांगणाऱ्या गळवाल्याचा भाऊ असतो. दर आठवड्याला पट्टीवर जातो म्हणणारा वर्षातून एकदा जातो, उरलेले दिवस पोरांना शाळेत सोडतो. त्याच्या शब्दावर विसंबून सैल भोपळा दिला तर तो गर्दीत अडकणार, तेल नुसतं घसरत तापणार, गिअरबॉक्स जळणार, आणि शिव्या दुकानाला. म्हणून मागतील त्यापेक्षा घट्ट द्यायचा. गिऱ्हाइकं कधी तक्रार घेऊन परत आली नाहीत. या पद्धतीवर सगळं दुकान उभं होतं.

"बरं. रोज कुठे नेतोस गाडी?"

"इथे. मंगळवारी व्यायामाच्या दवाखान्यात. अधूनमधून वहिनींना बाजारात."

"आणि पट्टीवर?"

"एकदा."

"महिन्यातून?"

"एकदा, दादा. एकदा म्हणजे एकदा."

भोपळे हसले, गिऱ्हाइकांसमोर हसायचे तसे. मग ताकद विचारली. धाकट्याने आकडा सांगितला तो मोजून काढलेला होता आणि त्यात पदरचं काही घातलं नव्हतं. बढाया त्याला कधी जमल्याच नाहीत. भोपळेंनी तरीही तिसरा हिस्सा वजा केला. हाताला सवय होती.

त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको, पण घरात, दुकानात आणि गल्लीत सगळ्यांची वहिनीच. त्या धाकट्याच्या सदऱ्यांची बटणं उसवून त्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी शिवत होत्या. ऐकून घेतलं आणि सुईवरची नजर न उचलता एवढंच म्हणाल्या, की अहो, भाऊजी गिऱ्हाईक नाहीत. भोपळे म्हणाले, कळतंय मला.

रोज दिवेलागणीला वहिनी हात जोडून बसायच्या आणि मागायच्या, की भाऊजींच्या मनासारखं होऊ दे. त्यांच्या शेजारी बसून भोपळे मागायचे, त्याला दिवस दे. दोन्ही मागण्या एकाच खोलीतून एकाच वेळी वर जायच्या. त्यांचं एकमेकींशी जमणारं नव्हतं, हे दोघांपैकी एकालाही तोवर दिसलं नव्हतं.

भोपळा लेथवर चढवला, जुनी वेल्डिंग कापली आणि दोन्ही अर्धगोल वेगळे करून बाकावर ठेवले, तेव्हा भोपळेंना पहिल्यांदा ही निवड नीट दिसली. सैल केला तर पट्टीवर एक धाव हवी तशी मिळेल. पण मंगळवारी, दवाखान्याच्या वाटेवर, गाड्या मुंगीसारख्या सरकत असतात तिथे तेल उकळेल, गाडी बंद पडेल, आणि लंगडा भाऊ भर रस्त्यात अडकून बसेल. घट्ट केला तर गाडी वर्षानुवर्षं चालेल. वर्षानुवर्षं हा शब्द मनात आला आणि त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. सैल भोपळा करणं म्हणजे डॉक्टरबाईंच्या बोलण्याखाली सही करणं. ज्याला खूप मंगळवार बघायचे आहेत त्याला कुणी सैल भोपळा देतं का?

आणि मन एकदा एका बाजूला झुकलं की त्याला कारणं पुरवायला अक्कल धावत येते. टर्बोचा दाब वाढला, इंजिनाचा रेटा वाढला, की तोच भोपळा आपोआप थोडा सैल पडतो, हे भोपळेंना ठाऊक होतं. मग आधीच सैल कशाला करायचा? घट्टच करू, टर्बो जागा झाला की भोपळा आपणहून सैल पडेल. पण टर्बो जागा व्हायला इंजिन आधी मोकळं फिरावं लागतं, आणि घट्ट भोपळा तेच होऊ देत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली गत. दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्यांना हे डोळे मिटून दिसलं असतं. इथे त्यांनी बघितलं नाही.

जुन्या घरगुती भोपळ्यापेक्षा मजबूत, आतून पोलादाची जाड चकती लावलेला, आणि पट्टीच्या मानाने साफ घट्ट असा भोपळा त्यांनी तयार केला. पुन्हा वेल्डिंग केलं, आत हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवला. बुडबुडा आला नाही. धाकटा शेजारी काठी टेकून उभा होता. त्याने विचारलं, सांगितला तसाच केलास ना? भोपळे टाकीत बघत हो म्हणाले.

गिअरबॉक्सला त्यांनी एक बटण जोडून दिलं. ते दाबून ठेवलं की गिअरबॉक्स गाडीला जागच्या जागी जखडून ठेवतो. उजव्या पायाने हवा तेवढा जोर द्या, गाडी हलत नाही. अंगठा उचलला की सुटते. डाव्या पायाची गरज उरली नाही. हे कामही त्यांनी जीव ओतून केलं. त्यांच्या मनात खोट होती असं कुणी म्हणू नये. शर्यतीच्या आदल्याच दिवशी सगळं जुळवून झालं आणि चालवून बघायला वेळ उरला नाही. पट्टीपर्यंत गाडी भोपळेंनीच नेली, धाकट्याने ताकद राखून ठेवावी म्हणून. निदान वहिनींना तरी त्यांनी हेच कारण सांगितलं.

पट्टीवर लोकांनी धाकट्याला ओळखलं. पूर्वी हसणारे आता मानेने नमस्कार करत होते, आणि ते हसण्याहून वाईट होतं. एकाने भोपळेंना बाजूला घेऊन विचारलं, झेपेल ना त्याला? भोपळे म्हणाले, पायापुरता आजार आहे, डोकं ठिकाणावर आहे त्याचं. वहिनी दोरीच्या कडेला पदर घट्ट धरून उभ्या होत्या. ओठ हलत होते.

मातकट गाडी रेषेवर आली. धाकट्याने बटण दाबलं आणि उजवा पाय खाली नेला. इंजिन चढलं, थोडं आणखी चढलं आणि तिथेच अडलं. बैलाने मान टाकावी तसं. शीळ आली नाही. टर्बो जागा झाला की एक बारीक, वाढत जाणारी शीळ येते; पट्टीवरची पोरंटोरंही ती ओळखतात. भोपळे दोरीपाशी उभे राहून ती न येणारी शीळ ऐकत होते. दिवा हिरवा झाला. शेजारची गाडी सुटली. धाकट्याची गाडी लग्नघरी निघालेल्या म्हातारीसारखी निघाली, निम्म्या पट्टीवर कुठे टर्बो जागा झाला, आणि तोवर शेजारचा पलीकडे पोचून वळलाही होता.

धाकटा सावकाश परत आला. गाडी थेट दादापाशी उभी केली आणि काच खाली घेतली. तो चिडलेला नव्हता. भोपळेंना तो चिडलेला चालला असता.

"घट्ट केलास," तो म्हणाला.

"मंगळवारी तेल उकळलं असतं रे."

"उकळू द्यायचं होतं."

"रस्त्यात अडकला असतास तू. एकटा."

"मग आला असतास ना न्यायला," धाकटा म्हणाला. "मी तुला खोटं कधी सांगितलं, दादा? एकदा म्हणालो होतो. त्यातून तू काय वजा केलंस?"

एकातून तिसरा हिस्सा वजा केला तर जे उरतं त्याला एक म्हणत नाहीत, एवढं गणित भोपळा मिळवणाऱ्यालाही येतं. वहिनी आल्या, मागच्या सीटवर बसल्या, आणि तिघं घराकडे निघाले. गाडी मात्र गर्दीतून अगदी गुणी पोरीसारखी चालली. तेल थंडगार होतं.

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता भोपळे दुकानात गेले, गाडी वर उचलली आणि भोपळा खाली उतरवला. पट्टी पुढे पावसाळा संपेपर्यंत बंद राहायची होती, त्यामुळे आता घाईचं काही कारण नव्हतं. तरीही ते घाई करत होते. यावेळी त्यांनी धाकट्याला शेजारी खुर्ची टाकून दिली आणि प्रत्येक पातं त्याला दाखवून वाकवलं. छोटा पंखा त्यानेच निवडला. त्याने दोन हातात घेतले, एक ठेवून दिला, दुसरा पुढे केला; तो पुढे करताना मनगट लटपटत होतं. भोपळेंनी मान डोलावली. सैल म्हणजे चांगला सैल.

त्या दिवसांत भोपळेंची पद्धत बिघडली. भाड्याच्या गाड्या चालवणारा एकजण आला, आपल्या गाडीबद्दल नेहमीसारखी फेकाफेक केली, आणि भोपळेंनी त्याच्या शब्दातून काहीही वजा न करता त्याने मागितला तस्सा भोपळा करून दिला. आठवड्यात तो लाल डोळ्यांनी परत आला. गाडी चढावर नुसती गुरगुरते, पुढे सरकत नाही, जळका वास येतो. भोपळे शांतपणे म्हणाले, तूच सांगितलंस तसा केला. तो म्हणाला, अहो, मी म्हणालो म्हणून काय झालं, तुम्हाला कळत नाही का माणूस काय बोलतो ते? तेव्हा भोपळे लेथला टेकून उभे राहिले. मग तो भोपळा त्यांनी फुकट बदलून दिला.

पावसाळा गेला. पट्टी उघडायच्या आधी एकदा दुकानाच्या मागच्या मोकळ्या आवारात त्यांनी गाडी बाहेर काढली. धाकट्याला उचलूनच बसवावं लागलं. काठीचा उपयोग संपला होता. त्याने अंगठा बटणावर ठेवला, दुसऱ्या हाताने अंगठ्यावर दाब दिला आणि पाय खाली नेला. इंजिन चढलं, चढतच गेलं, आणि मग ती शीळ आली. आधी सुईच्या टोकाएवढी, मग सगळं आवार भरून. गाडी जागेवर थरथरत होती, सुटायला आसुसलेली. भोपळे गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या दाताखालीसुद्धा ती थरथर येत होती. असा अचूक भोपळा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

आणि शीळ तुटली. धाकट्याचा उजवा पाय घसरला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा शीळ चढली, पुन्हा पाय घसरला. तिसऱ्यांदा त्याने ठेवलाच नाही. चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"बरोबर झालाय," तो म्हणाला. जीभ आता जड पडायची, शब्द कडेने निसटायचे. "अगदी बरोबर."

भोपळे म्हणाले, मी चालवतो, तू शेजारी बस. दिवा तू बघ, बटण तू सोड. धाकट्याने मान हलवली. शेजारी बसायला तो रोजच बसत होता आता. ते त्याने मागितलं नव्हतं.

भोपळे म्हणाले, मग पुन्हा घट्ट करून टाकतो, दवाखान्याच्या खेपा तरी सुखाच्या होतील. तेव्हा धाकट्याने त्यांच्या बाहीला बोटं अडकवली. धरता येत नव्हतं, म्हणून नुसती अडकवली.

"हात लावू नकोस. असाच राहू दे."

तेव्हापासून ती गाडी तशीच आहे. दर मंगळवारी भोपळे भावाला तिच्यातून नेतात. रस्त्यावर ती दारू प्यायलेल्या माणसासारखी चालते. आधी आवाज, मग कधीतरी पाऊल. मागे एका मंगळवारी दवाखान्याच्या आधीच्या चौकात, गाड्या तसूभर हलत नव्हत्या तेव्हा, तेलाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटखालून धूर यायला लागला. भोपळेंनी गाडी कडेला घेतली. अगदी तेच, ज्याच्या भीतीने त्यांनी सगळं केलं होतं. मागचे लोक भोंगे वाजवत होते, एकजण काच खाली करून काहीबाही बोलून गेला. भोपळेंनी भावाकडे बघितलं तर तो हसत होता. आवाज येत नव्हता, खांदे हलत होते.

"बघ," तो म्हणाला. "उकळलं."

मग तेल निवेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. काही वाईट झालं नाही. उशिरा पोचले, व्यायाम घेणाऱ्या बाई थांबल्या होत्या. पुढच्या आठवड्यात भोपळेंनी गाडीच्या नाकाशी मोठी जाळी बसवली, तेल गार ठेवायला. एवढं काम पहिल्याच वेळी केलं असतं तर सैल भोपळाही मंगळवारी चालून गेला असता, हे तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. ते कुणाला सांगत नाहीत; वहिनींना न सांगताच माहीत आहे.

दिवेलागणीला आता दोघं एकच मागतात. काय ते त्यांचं त्यांनाच माहीत, पण दिवस हा शब्द त्यात नसतो.

आज पुन्हा धुण्याचा दिवस. भोपळेंनी चादरीचं एक टोक नळाला दोन वेढे देऊन बांधलं, दुसरं स्वतः धरलं आणि पिळायला सुरुवात केली. नळ ताण देतो, पण उलट पीळ देत नाही, त्यामुळे चादर धड पिळली जात नाही. निम्मं पाणी आतच राहतं. खिडकीतून धाकटा बघत होता. रात्रीचा श्वास आता त्याला आपला आपण पुरत नाही. वहिनींनी आतून हाक मारली, की अहो, ते दुकान दुपारी बंद होतं, धुण्याचं मी बघते, तुम्ही निघा.

भोपळेंनी ओली चादर तशीच दोरीवर टाकली, हात पुसले, मातकट गाडीची चावी घेतली आणि दवाखान्यासमोरच्या दुकानातून श्वासाचं यंत्र आणायला निघाले.